युंगच्या घराला जिना होता

दलित कवितेवर बोलायला उभा राहिलेला एखादा समीक्षक हटकून ‘आदिबंध’ काढतो. म्हणजे काय, तर तुमची कविता जातीच्या जखमेवरच अडलीय, आणखी खाली उतरा, सामूहिक नेणिवेपर्यंत जा, मग ती विश्वात्मक होईल. नाव युंगचं. आपली पोरं गप्प बसतात. म्हणून हा युंग फ्रॉइडपासून का फुटला ते नीट बघू.

युंग झुरिचच्या बुर्गहोल्ट्सली या वेड्यांच्या इस्पितळातला डॉक्टर. रोग्यापुढं एकेक शब्द टाकायचा, पहिलं सुचेल ते बोल म्हणायचं, आणि स्टॉपवॉच लावून बघायचं कुठं अडखळतो. खात्यात स्टॉपवॉच येतं ते आपले हात मोजायला. ह्यानं माणसाचं अडणं मोजलं. अडलं तिथं गाठ. हे काम अस्सल आहे. फ्रॉइडच्या म्हणण्याला त्यानं प्रयोगाचा टेकू मिळाला. १९०७ साली व्हिएन्नात दोघं भेटले, तेव्हा म्हणे तेरा तास बोलत होते.

फ्रॉइड ज्यू. त्याच्या बापाची नवी टोपी एका ख्रिश्चनानं भर रस्त्यात चिखलात उडवली आणि फुटपाथवरून खाली उतर म्हणाला. बापानं मुकाट्यानं टोपी उचलली. पोराच्या मनातून ते कधी गेलं नाही. स्वप्नांवरच्या पुस्तकात त्यानंच लिहून ठेवलंय. आपल्याला हे समजावून सांगायला नको. ही विद्या ज्यूंची म्हणून वाळीत पडेल, ही त्याची धास्ती. म्हणून १९१० साली आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, तेव्हा व्हिएन्नातल्या जुन्या साथीदारांची नाराजी पत्करून त्यानं पाद्र्याच्या पोराला, युंगला, अध्यक्ष केलं.

त्याआधी १९०९ साली दोघं बोटीनं अमेरिकेला गेले, एकमेकांची स्वप्नं उलगडत. त्या दिवसांतलं युंगचं एक स्वप्न. वरच्या मजल्यावर उंची दिवाणखाना. खाली मध्ययुगीन मजला. त्याखाली रोमन भिंतींचं तळघर. तिथून दगडी जिना आणखी खाली, एका गुहेत. तिथं हाडं, फुटकी मडकी आणि दोन कवट्या. फ्रॉइड एकच धोशा लावून बसला: कवट्या कुणाच्या? युंगनं खोटंच सांगितलं, बायकोच्या आणि मेव्हणीच्या. त्याला स्वतःला तिथं कुणा एकट्याचं नव्हे, सगळ्या माणूसजातीचं मन दिसत होतं. इथून पुढं सामूहिक नेणीव.

हे सगळं युंगच्याच आठवणींतलं, फ्रॉइड मेल्यावर कितीतरी वर्षांनी छापलेलं. तेव्हा जपून घ्या. दोघांची पत्रं १९७४ साली बाहेर आली, त्यांत दोघंही दुखावलेले दिसतात. फ्रॉइडला बापपण सोडवत नव्हतं, युंगला पोरपण सोसवत नव्हतं. युंगनं १९११-१२ साली लिबिडोचा अर्थच बदलला: ती निव्वळ कामवासना नाही, एकूण जगण्याची ऊर्जा. जानेवारी १९१३ मध्ये फ्रॉइडनं मैत्री तोडल्याचं लिहिलं. १९१४ साली युंगनं अध्यक्षपद सोडलं. त्याच्या वेगळ्या चुलीचं नाव विश्लेषणात्मक मानसशास्त्र.

इथवर ठीक. पण १९३३ साली बर्लिनच्या चौकात फ्रॉइडची पुस्तकं जाळली गेली, आणि १९३४ साली युंगनं लिहिलं की आर्य नेणिवेची शक्ती ज्यू नेणिवेपेक्षा वरचढ आहे. संघटनेत ज्यू डॉक्टरांना वैयक्तिक सभासद राहता यावं अशी सोय त्यानं केली, हे खरं. लेखही त्यानंच लिहिला, हेही खरं. फ्रॉइड काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १९१३ च्या ‘टोटेम अँड टॅबू’त तोही पूर्वजांच्या स्मृतीचा वारसा मानतो. पण त्यानं त्या वारशाची वंशावार उतरंड लावली नाही.

स्मृती रक्तात आहे म्हटलं की पुढचं पाऊल रक्ताची प्रतवारी. ती प्रतवारी आपण ओळखतो. ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात, १९२० साली, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं: जात म्हणजे मजला, आणि मजल्यांमध्ये शिडी नाही. युंगच्या घराला जिना होता. तो आपल्याच वाड्यात खाली गेला आणि सकाळी दिवाणखान्यात जागा झाला. आपण तळमजल्यावरच जन्मलो, आता आणखी कुठं उतरायचं?

युंगचं घ्यायचंच तर स्टॉपवॉच घ्या. आपलीच कविता मोठ्यानं वाचून बघा. आडनाव येतं तिथं, आई काय काम करायची ते येतं तिथं, जीभ किती वेळ थांबते? आणि परिसंवादात पुन्हा कुणी आदिबंध काढला, तर फ्रॉइडचा प्रश्न विचारा: साहेब, त्या कवट्या कुणाच्या?