सोमवारपर्यंत थांबा

५ मे २०१७, शुक्रवारची रात्र. फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीची अंतिम फेरी रविवारी होती आणि मध्यरात्री प्रचार थांबणार होता. त्याच्या थोडं आधी इमान्युएल माक्राँ यांच्या प्रचारयंत्रणेतून चोरलेल्या ईमेल आणि कागदपत्रांचा सुमारे ९ जीबींचा साठा इंटरनेटवर टाकला गेला. मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना त्यांच्या पक्षानं निवेदन काढलं : चोरी झाली आहे, पण खऱ्या कागदांत खोटेही मिसळले आहेत. पुढचे ४४ तास ना माक्राँना प्रचाराचं काही बोलता येणार होतं, ना मारीन ल पेन यांना.

त्या शनिवारचे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. पहिला निवडणूक प्रचारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचा. त्यानं माध्यमांना हा मजकूर प्रसिद्ध न करण्याची विनंती केली, नागरिकांना तो न पसरवण्याची. खोटी माहिती पसरवल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते, ही आठवणही दिली. विनंतीच, पण हातात छडी घेऊन केलेली.

दुसरा मजकूर 'ल मोंद' या दैनिकाचा. कागद आहेत हे त्यानं वाचकापासून लपवलं नाही. ते का छापत नाही, हेही सांगितलं : साठा इतका मोठा की एवढ्या वेळात तपासणं अशक्य, आणि तो मतदानावर परिणाम व्हावा म्हणूनच या वेळी सोडला आहे. काही महत्त्वाचं निघालं, तर रीतसर तपासून नंतर छापू.

आयोगापेक्षा दैनिकानं वाचकाला जास्त मान दिला, यात शंका नाही. पण त्याच्या दोन कारणांची जात एक नाही. 'तपासून झालं नाही' हे संपादकाचं कारण. 'मतदान जवळ आलं आहे' हे राज्यकर्त्याचं. कागद खरा ठरला आणि महत्त्वाचा असला, तर मतदान जवळ असणं हे तो छापण्याचं कारण आहे, थांबवण्याचं नव्हे. सोमवारी मिळालेलं सत्य रविवारच्या मतदाराच्या काय कामाचं?

हा फरक आपल्याकडे २०१९ साली दिसला. 'द हिंदू'नं राफेल व्यवहाराचे संरक्षण मंत्रालयातले कागद फेब्रुवारीपासून छापले. कागद चोरीचे आहेत, असं म्हणत सरकारनं मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात १९२३च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टचा आधार घेतला. न्यायालयानं सरकारचे आक्षेप १० एप्रिलला फेटाळले. पहिल्या टप्प्याचं मतदान ११ एप्रिलला होतं. निवडणूक तोंडावर होती, तरी वाचकापुढे आलेले कागद निनावी ढिगातले नव्हते. एका वृत्तपत्रानं ते निवडले होते, त्यांचा अर्थ लावला होता आणि त्यांची जबाबदारी स्वतःच्या नावानं घेतली होती.

माक्राँ सुमारे ६६ टक्के मतांनी जिंकले. ३१ जुलैला विकिलीक्सनं त्या ईमेलचा शोधता येईल असा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातून मोठा घोटाळा बाहेर आला नाही. म्हणून फ्रेंच संयमाचं आजही कौतुक होतं. ते निम्मंच खरं आहे. त्या ढिगात एखादा गंभीर आणि खरा कागद असता, तर त्या संयमाची परीक्षा झाली असती. ती झालीच नाही. गप्प बसणं तेव्हा स्वस्तात पडलं, आणि स्वस्तात पडलेल्या गोष्टीची फार लवकर प्रथा होते.