मी न दाबलेला गंधार

गोरिलाझचं 'क्लिंट ईस्टवूड' ऐकलंय? नसेल तर आधी ऐकून या, लेख कुठे पळून जात नाही. २००१ सालच्या त्या गाण्यात मागे जे वाजत राहतं, ते डेमन अल्बार्नने रचलेलं नाही. सुझुकी कंपनीच्या ऑम्निकॉर्ड या वाद्यात आधीपासून भरलेला 'रॉक १' नावाचा तुकडा आहे तो. बटण दाबलं की गाणं सुरू. अल्बार्नने स्वतःच एका मुलाखतीत तसं वाजवून दाखवलं.

मला आधी हसू आलं, मग राग. राग त्याच्यावर नव्हता. हॉस्टेलवर मी चार वर्षं गिटार बडवली. जी, डी, ई मायनर, सी, एवढ्यावर दोन गॅदरिंग काढली. पण ई मायनरला मायनर का म्हणायचं, असं कुणी विचारलं असतं तर मी फक्त बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं असतं. म्हणजे मीही बटणच दाबत होतो.

ऑम्निकॉर्ड १९८१ साली आला. पहिल्या मॉडेलवर सत्तावीस कॉर्डची सत्तावीस बटणं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवरून फिरवायचं, की त्या कॉर्डचे स्वर झुळझुळत येतात. ती पट्टी खरंच सुंदर कल्पना आहे. अलीकडे टेम इम्पालाच्या केव्हिन पार्करने ऑर्किड नावाचं वाद्य आणलं. मी ते फक्त व्हिडिओंत पाहिलंय. एका हाताने कॉर्डचा प्रकार निवडायचा, दुसऱ्याने मूळ स्वर. त्यातलं व्हॉइसिंगचं चाक मला जास्त आवडलं: स्वर तेच ठेवून कोणता वर, कोणता खाली हे बदलत नेता येतं. पण दोन्ही वाद्यांचा विकायचा मुद्दा एकच, की तुमच्या हातून चूक होणार नाही. माझी तक्रार नेमकी तिथे आहे. चूक होऊ न देणाऱ्या वाद्याला प्रयोगाचं वाद्य कसं म्हणायचं?

म्हणून स्वतःच एक बनवायला घेतलं. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून बटणं, पोटेन्शिओमीटर आणि झीरो पीसीबी आणले. रास्पबेरी पाय पिको घरात पडलेलाच होता, त्याला आवाजासाठी एक छोटा डॅक जोडला. बारा स्वरांची बारा बटणं, तीन ओळी आणि चार रकान्यांच्या मॅट्रिक्समध्ये. बारा पिनांऐवजी सातात काम. पिकोवर सव्वीस पिना असताना ही काटकसर कशाला? इंजिनिअरिंगला असंच शिकवतात म्हणून.

पहिल्यांदा सा, शुद्ध ग आणि प एकदम दाबले. मेजर कॉर्ड यायला हवी होती. आलं काहीतरी खारट. मग सा, कोमल ग आणि प दाबले. मायनर यायला हवी होती. आवाज डिट्टो तोच! दोन रात्री मी कोडमध्ये बग शोधत बसलो. बग कोडमध्ये नव्हताच. पहिल्या ओळीत सा पहिला आणि कोमल ग शेवटचा, दुसऱ्या ओळीत शुद्ध ग पहिला आणि प शेवटचा. हे चौघे एका आयताचे चार कोपरे. तीन कोपरे दाबले की करंट उलट्या वाटेने फिरून चौथ्यात शिरतो आणि बोर्डाला वाटतं चौथंही दाबलंय. कीबोर्डवाले याला घोस्टिंग म्हणतात. मी काहीही दाबलं तरी दोन्ही गंधार एकत्र वाजत होते.

उपाय साधा, प्रत्येक बटणाला एक डायोड. पण त्या दोन रात्रींत मला जे कळलं ते चार वर्षांच्या गिटारने शिकवलं नव्हतं. सा आणि प तेच राहतात. मेजर की मायनर, हे एकटा गंधार ठरवतो.

मग पोटेन्शिओमीटर. प्रत्येक स्वर थोडा वर-खाली सरकवायची सोय. आई भजनी मंडळात गाते. तिने मेजर कॉर्ड ऐकली आणि म्हणाली, "ग टोचतोय रे." हिशेब केला. सा २४० हर्ट्झ धरला तर बारा समान भागांच्या पट्टीत ग येतो ३०२.४ वर. ५:४ या साध्या प्रमाणात तो ३०० हवा. साचा पाचवा हार्मोनिक १२०० वर आणि गचा चौथा साधारण १२०९.५ वर, त्यामुळे सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात. (साध्या साइन लहरीत हे फारसं ऐकू येत नाही, सॉटूथ लावा.) ग ३०० वर आणला आणि कॉर्ड एकदम स्थिर झाली. आई काही बोलली नाही, पण तिने त्यावर सा लावला.

पेटीवरचा आपल्याकडचा जुना आक्षेप हाच. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. मींड निघत नाही ही एक तक्रार आणि ठरीव पट्टीचे स्वर ही दुसरी. त्याआधीच सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी क्लेमंट्स बावीस श्रुतींच्या पेटीच्या खटपटीत होते.

इथे मला 'बघा, आपलंच शुद्ध' असं म्हणून लेख संपवायचा मोह झाला होता. मग मी सा सोडून रे धरला. शुद्ध प्रमाणात रे २७०, ध ४००. रे-ध हा पंचम ३:२ असायला हवा, म्हणजे ध ४०५ हवा. तो ४०० वर आहे, त्यामुळे कॉर्ड रडते. ध ४०५ वर नेला तर म-ध बिघडतो. सा जागचा हलत नसेल, मागे तानपुरा असेल, तर हा प्रश्न येतच नाही. पण कॉर्डचं संगीत प्रवासाला निघतं आणि कुठेही गेलं तरी घर सारखंच वाटावं म्हणून प्रत्येक घर थोडं बिघडवून ठेवतं. हा सौदा मूर्खपणाचा नाही. फक्त तो झालाय हे ऑम्निकॉर्ड सांगत नाही. सांगायची त्याची इच्छाही नसावी, त्याला गाणं सुरू करायचं असतं.

माझं वाद्य दिसायला भिकार आहे, चपलांच्या खोक्यात बसवलंय. दोस्त येतात, दोन मिनिटं वाजवतात आणि 'यात रेडीमेड बीट नाही का' विचारतात. नाही. मात्र शुद्ध गच्या डायोडला समांतर एक छोटा स्विच लावलाय. तो टाकला की करंट पुन्हा उलटा शिरतो आणि मेजर कॉर्ड दाबल्यावर कोमल गही आत येतो. मायनर तेवढी स्वच्छ राहते.