सामाईक डिस्कचा कारभार

गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण सकाळी आठला उघडतं आणि कोकणकन्या, तुतारी, मांडवी बघता बघता वेटिंगवर जातात. खारेपाटणच्या बाजारात यावर दरवर्षी ठरलेलं निदान ऐकू येतं: 'सर्व्हर डाऊन'. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. सर्व्हर चालू असतो, जागा संपलेल्या असतात. पण त्या मिनिटभरात आत काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. अनेक यंत्रांनी मिळून एकच डेटाबेस चालवायचा, तर डिस्क सामाईक ठेवायची की ज्याची त्याला वाटून द्यायची, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

सामाईक डिस्कचा प्रयोग धंद्याच्या पातळीवर गाजवला तो डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीच्या व्हॅक्स क्लस्टरनं, १९८३ साली. अनेक संगणक, एकाच डिस्कसाठ्याला जोडलेले, आणि कुणी कधी लिहायचं हे ठरवणारा 'लॉक मॅनेजर'. आपल्या रेल्वेचं आरक्षण याच घराण्यातलं. दिल्लीत ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ते सुरू झालं, पुढे रेल्वेच्याच क्रिस या माहिती-तंत्रज्ञान संस्थेनं 'कॉन्सर्ट' ही प्रणाली बांधली, आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाच केंद्रं १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली. यातली हुशारी अशी की रेल्वेनं वादात कुठलीच बाजू घेतली नाही. गाड्या पाच केंद्रांत वाटून दिल्या आणि केंद्राच्या आत मात्र क्लस्टर ठेवला. कणकवलीच्या खिडकीवरून कुठलंही तिकीट मागा, विनंती ज्या केंद्रात त्या गाडीचा हिशेब आहे तिथंच जाते. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ च्या निबंधात 'काहीच सामाईक नको' असा पक्ष मांडला होता. रेल्वेनं त्यातलं अर्धं घेतलं, आणि माझ्या मते नेमकं योग्य अर्धं घेतलं.

कोकणात सामाईक विहिरीचं भांडण पाण्यावरून क्वचित होतं, पाळीवरून होतं. डिस्कचंही तसंच. ओरॅकलचा पॅरलल सर्व्हर आधी व्हॅक्स क्लस्टरवरच आला. त्यात एका नोडनं, म्हणजे क्लस्टरमधल्या एका संगणकानं, बदललेला ब्लॉक दुसऱ्याला हवा असेल, तर पहिल्यानं तो डिस्कवर उतरवायचा आणि मग दुसऱ्यानं तिथून वाचायचा. दोघांनाही तोच ब्लॉक पुन्हा पुन्हा हवा असला की डिस्कवर नुसती ये-जा. गणपतीच्या आदल्या शुक्रवारची कोकणकन्या, स्लीपर वर्ग, शिल्लक जागा: सगळी मुंबई त्या एका नोंदीवर तुटून पडते. २००१ साली आलेल्या 'रॅक'मध्ये ओरॅकलनं ही ये-जा डिस्कवरून काढून नोडांमधल्या खासगी नेटवर्कवर टाकली. ब्लॉक आता एका मेमरीतून थेट दुसऱ्या मेमरीत जातो. सुधारणा मोठी होती, पण नोंद एकच राहिली आणि तिच्यासाठीची रांगही राहिली. म्हणून 'महागडं स्टोरेज घेतलं की क्लस्टर धावेल' हे विक्रेत्याचं वाक्य मला कधी पटलेलं नाही. अशा गर्दीत डिस्क बऱ्याचदा रिकामी बसलेली असते.

मग निवड करायची ती कशाच्या आधारावर? बाजारात वाटा चार-पाचच आहेत. फायबर चॅनलचं सॅन, म्हणजे फक्त साठ्यासाठीचं वेगळं नेटवर्क, हा जुना खानदानी मार्ग. वेगळे स्विच, वेगळ्या केबली, वेगळा माणूस, आणि खर्चही तसाच. साध्या इथरनेटवरून ब्लॉक पोचवणाऱ्या आयस्कझीचं प्रमाण २००४ साली ठरलं आणि ते मध्यम आकाराच्या संस्थांच्या आवाक्यात आलं. त्याचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवलं तर ते उत्तम चालतं. बिल वाचवायला दोन्ही एकाच स्विचवर घातली, की महिनाअखेरीला कुणीतरी मोठी फाईल कॉपी करतं आणि डेटाबेस धापा टाकतो.

एक चूक तर इतक्या ठिकाणी होते की तिचं नाव घ्यायलाच हवं. सॅनवरचा एकच भाग दोन सर्व्हरांना दाखवायचा आणि त्यावर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएससारखी साधी फाईल सिस्टीम दोन्हीकडून माउंट करायची. दोन दिवस सगळं छान दिसतं. प्रत्येक सर्व्हर आपल्याच मेमरीतल्या नोंदीवर विश्वास ठेवून लिहीत असतो, आणि तिसऱ्या दिवशी फायली चिवडलेल्या निघतात. दोघांनी एकत्र लिहायचं तर ओसीएफएस२ किंवा जीएफएस२ सारखी क्लस्टरसाठी बनवलेली फाईल सिस्टीम हवी, नाहीतर ओरॅकलचं एएसएम. केबल जोडली म्हणून डिस्क सामाईक होत नाही.

एनएफएसला, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याच्या पद्धतीला, आपल्याकडे उगाच नाकं मुरडतात. चांगला फायलर असेल तर तो मला सॅनपेक्षा सुटसुटीत वाटतो. फक्त माउंट करतानाची ओळ डोळ्यांत तेल घालून वाचावी. 'हार्ड' लिहिलं असेल तर स्टोरेज गायब झाल्यावर डेटाबेस थांबून वाट पाहतो. 'सॉफ्ट' लिहिलं असेल तर ठरावीक वेळानं चूक परत येते, आणि अर्धवट लिहिलेल्या ब्लॉकची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. 'एसीटाईमिओ' शून्य ठेवला नाही, तर एका नोडनं वाढवलेली फाईल दुसऱ्याला काही सेकंद जुन्याच आकाराची दिसते. एवढी एक ओळ नीट लिहिता आली, तर निम्मी डोकेदुखी जाते.

पण खरी परीक्षा वेगाची नसतेच. दोन नोडांमधलं खासगी नेटवर्क तुटलं, दोघंही जिवंत आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला. दोघांनी लिहिणं चालू ठेवलं तर डेटाबेस संपला. म्हणून सामाईक साठ्यात एक छोटा कोपरा 'व्होटिंग डिस्क'साठी राखून ठेवतात. रॅकमध्ये सहसा तीस सेकंद दुसऱ्याची चाहूल लागली नाही, की या डिस्कवरच्या हजेरीवरून कुणी राहायचं ते ठरतं, आणि हरलेला नोड क्लस्टरमधून बाहेर काढला जातो. या डिस्क विषम संख्येत ठेवतात, एक, तीन किंवा पाच. तिन्ही स्टोरेजच्या एकाच पेटीत ठेवल्या तर मात्र तीन ठेवून काही मिळवलं नाही. पेटी गेली की न्यायाधीश, वादी, प्रतिवादी सगळेच गेले.

इथं खारेपाटणचा भूगोल आठवतो. शुक नदी फुगली की इथल्या बाजारपेठेत पाणी शिरतं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. अशा गावातल्या पतसंस्थेला किंवा दवाखान्याला दोन सर्व्हर आणि एक सामाईक पेटी एकाच खोलीत मांडून देणं, ही मी फसवणूकच म्हणेन. सर्व्हर दोन असले तरी माहितीची प्रत एकच असते. बरं, पेटीची दुसरी प्रत मुंबईत ठेवून दोन्हीकडे एकाच वेळी लिहावं, तर सुमारे चारशे किलोमीटरवरून फायबरमधून प्रकाशालाच जाऊन यायला चार मिलिसेकंद लागतात, आणि ते प्रत्येक व्यवहारात मोजावे लागतात. त्यापेक्षा एक साधा सर्व्हर इथं, त्याची सतत पाठोपाठ चालणारी प्रत दुसऱ्या गावात, आणि शेवटचे काही सेकंद हरवू शकतात हे आधीच मान्य करणं, हे जास्त प्रामाणिक आहे. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१० पासून आहे, फुकट. उलट ओरॅकलनं १९सी पासून स्टँडर्ड एडिशनमधून रॅक काढूनच टाकलं. लहान संस्थांना परवडणारा रस्ता तिथंच बंद झाला.

गंमत म्हणजे मोठ्या जगात सामाईक साठा परत आला आहे. ॲमेझॉनची ऑरोरा प्रत्येक तुकड्याच्या सहा प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवते आणि त्यातल्या चार प्रतींवर लिहिलं गेलं की व्यवहार पक्का धरते. पेटी नाहीशी झाली, बहुमत राहिलं. व्हॅक्सच्या काळातला कोरमचा, म्हणजे किमान मतसंख्येचा, विचारच हा, फक्त नोडांच्या गणतीतून उतरून साठ्याच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत पोचलेला. मला या कलेतली अलीकडची सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते.

आपल्याकडच्या खरेदीत मात्र अजून टेराबाइट, आयओपीएस आणि वॉरंटीची वर्षं एवढंच विचारलं जातं. तुमच्या संस्थेत अशी खरेदी निघाली असेल, तर निविदेत एक अट जास्तीची घाला: चालू व्यवहारात विक्रेत्यानं तुमच्यासमोर आधी खासगी नेटवर्कची आणि मग स्टोरेजची केबल उपटून दाखवायची, आणि पैसे त्यानंतर.