खाडीकडून वाचायचा नाला

ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत पाणी तुंबले की बोलणे पावसाच्या मिलिमीटरवरून सुरू होते आणि नालेसफाईवर येऊन थांबते. वरून किती पडले आणि वाटेत काय अडकले, एवढ्यातच चर्चा संपते. पाणी शेवटी पोहोचते कुठे आणि त्या घटकेला तिथे त्याला जागा असते का, हे फारसे कुणी विचारत नाही. हा शेवटाचा विचार ज्या कृतीत मला सर्वांत सुंदर उतरलेला दिसतो, ती आहे ‘स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल’, म्हणजेच एसडब्ल्यूएमएम. पावसाळी गटारांचे गणित मांडणारी ही संगणकप्रणाली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची. पहिली आवृत्ती १९७१ ची, आणि आजही ती कुणालाही मोफत मिळते. तिच्या पोटातली प्रवाहाची समीकरणे मात्र त्याहून शंभर वर्षे जुनी, फ्रेंच अभियंता सेंट-व्हेनंट यांनी १८७१ मध्ये मांडलेली.

तिचे पहिले सौंदर्य काटकसरीत आहे. अख्खे शहर एका साध्या मजकुराच्या फाइलीत मावते. जमिनीचा तुकडा म्हणजे ‘सबकॅचमेंट’: क्षेत्रफळ, उतार, आणि सिमेंट-डांबराने झाकलेला भाग किती टक्के. चेंबर म्हणजे ‘जंक्शन’: तळाची पातळी आणि झाकणापर्यंतची खोली. दोन चेंबरांमधले गटार म्हणजे ‘कंड्युइट’: आकार, लांबी, आतला खडबडीतपणा. पाणी जिथे बाहेर पडते ते तोंड म्हणजे ‘आउटफॉल’. या मजकुरात विशेषण एकही नाही. तरीही घोडबंदर रस्त्यालगतच्या एखाद्या तुकड्यापुढचा तो टक्का नीट वाचावा. तिथे शेत होते तेव्हा आकडा शून्याजवळ असणार. गृहसंकुल उभे राहिले की तो झपाट्याने चढतो. एका हेक्टरवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होते. त्यातले किती मुरणार आणि किती गटाराच्या गळ्यात पडणार, हे बऱ्याच अंशी तो एक रकाना सांगतो.

पुढची गोष्ट गटाराच्या उताराची. गटारातला वेग मॅनिंगच्या सूत्राने काढतात आणि त्यात उताराचे वर्गमूळ असते. पाण्याची खोली तीच धरली, तर उतार सोळाव्या हिश्श्यावर आल्यावर वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. ठाण्याची एक मोठी अडचण या वर्गमुळात सापडते. येऊरच्या डोंगरावरून पाणी धावत उतरते आणि खाडीजवळच्या सपाटीवर आले की त्याचे पाय जड होतात. मागून येणारे थांबत नाही, पुढचे हलत नाही. नौपाड्यात, वंदना टॉकीजच्या परिसरात मोठ्या पावसात पाणी भरते, ते अशाच सखल पट्ट्यात.

पण या कृतीचा प्राण मला वाटतो तो तिच्या गणनापद्धतीत. प्रवाह मोजायच्या रीतींपैकी दोन इथे महत्त्वाच्या. सोप्या रीतीत, म्हणजे ‘कायनेमॅटिक वेव्ह’मध्ये, वरचे पाणी खालच्याला ढकलते आणि खालचे वरच्याला काहीच सांगू शकत नाही. दुसरी ‘डायनॅमिक वेव्ह’. तिच्यात खाडीची पातळी चढली की तिचा दाब गटारात शिरतो आणि एकेका चेंबरने मागे सरकत वर पोहोचतो. प्रणाली नाल्याचा उभा छेद दाखवते, तो पडद्यावर चालता करून पाहावा. ओहोटीला निळी रेषा खाडीकडे झुकलेली असते. भरती चढू लागते तशी ती खालच्या टोकापासून आडवी होत जाते. गटार छतापर्यंत भरते, मग चेंबरात पाणी उभे राहते, आणि शेवटी रेषा रस्त्याची पातळी ओलांडते. डोंगरावर पाऊस तेवढाच होता. फरक खाडीने केला. साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा आपली वर्तमानपत्रे का छापतात, ते हा छेद डोळ्यांसमोर उलगडून दाखवतो.

इथे एक बारकी जागा आहे. झाकणावरून उसळलेल्या पाण्याचे पुढे काय होते? ‘पाँडिंग’चा पर्याय न निवडता हिशेब चालवला, तर ते पाणी प्रणालीतून कायमचे वजा होते. पर्याय निवडला की ते चेंबरवर साठते आणि गटारात जागा झाली की परत उतरते. आपल्याकडे तळमजल्यावरची माणसे रात्र-रात्र जागतात ती या परत उतरण्याच्या प्रतीक्षेत. ती निवड गाळून केलेला नौपाड्याचा हिशेब नीटनेटका दिसेल, पण त्यात माणसांच्या घरातले पाणी नसेल.

कल्याणचे पान आणखी कठीण. अंबरनाथ-उल्हासनगरमार्गे आलेली वालधुनी नदी कल्याणला उल्हास नदीला मिळते आणि उल्हासमध्ये खालून भरती येते. म्हणजे आउटफॉलची पातळी समुद्र आणि वरचा पाऊस दोघे मिळून ठरवतात. २७ जुलै २०१९ ला उल्हास फुगली, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. ते पाणी पुढे कल्याणवरूनच खाडीला जायचे होते. इथे प्रणालीचे तयार भरतीचे कोष्टक अपुरे पडते, कारण ते दर चोवीस तासांनी तेच आकडे फिरवते आणि खरी भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. नदीची प्रत्यक्ष पातळी वेळेनुसार भरण्याची सोय आहे. कल्याणसाठी तीच वापरायला हवी.

मर्यादांबाबत ही कृती प्रामाणिक आहे. गटाराच्या आकारांच्या यादीत तळाशी गाळ बसलेला गोल पाइपही आहे. गाळाची उंची मात्र आपण भरायची. जाळीवर अडकलेले प्लास्टिक तिला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. चेंबरची पातळी अंदाजाने लिहिली तर उत्तरही अंदाजाचेच येते. उलट, साठवणीचे मोल ती फार चांगले जाणते. सिडकोने नवी मुंबईत धारण तलाव बांधले ते भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवून ओहोटीला सोडण्यासाठी. अशा तलावाचा आणि भरतीचा एकत्रित परिणाम आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी स्वतंत्र प्रारूपातून अभ्यासून २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तळ्यांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्याने आपले एकेक तळे, पातळी जुळत असेल तिथे, ‘स्टोरेज’च्या रकान्यात घालून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मोठे गटार बांधले की प्रश्न सुटला, हा समज ही प्रणाली शांतपणे मोडते. खाडी झाकणाच्या उंचीला आली असेल, तर रुंद गटारातही ती तितकीच उंच उभी राहते. मग उपाय साठवणीत, पंपात किंवा जमीन कमी झाकण्यात शोधावे लागतात. म्हणून पुढच्या वेळी आपल्या प्रभागात नाला रुंदीकरणाची घोषणा झाली की खर्चाच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारावा: हिशेब किती मीटरच्या भरतीला धरून केला? आणि ती फाइल मागावी. साधा मजकूर आहे, वाचता येतो.