अवघा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी माउली शब्दांच्या गोडीविषयी बोलतात. रसाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील, एका बोलावरून इंद्रियांत भांडण जुंपेल, असे ते सांगतात. शब्द आवडणे म्हणजे काय, याचे इतके देखणे वर्णन मराठीत दुसरे माझ्या वाचनात नाही. पण माउली तिथे थांबत नाहीत. भाव जाणणाऱ्याला याच शब्दांत चिंतामणीचे गुण सापडतात, असेही लगेच म्हणतात. आपण बहुधा जिभेपाशीच थांबतो.

संतवाङ्मयातला माझा आवडता शब्द 'अवघा'. बोलताना तो 'अव्घा' असा झटक्यात आटपतो. गाताना मात्र तीनही अक्षरे पूर्ण उमलतात आणि शेवटच्या 'घा'वर छाती मोकळी होते. टाळकऱ्यांना तिथे हवे तितके रेंगाळता येते. शिवाय 'सर्व' कुणाच्याही शेजारी तसाच ताठ उभा राहतो. 'अवघा' सोबत्याप्रमाणे अवघी होतो, अवघे होतो. ('सगळा'ही तसाच वळतो म्हणा, पण त्याला तो 'घा' नाही.)

आजच्या बोलण्यात मात्र या शब्दाचे नवल झाले आहे. 'कीर्तनाला अवघी दहा माणसे' म्हटले की अर्थ होतो, फक्त दहा. सारे मिळून दहा, म्हणजे दहाच, अशा वाटेने भरलेला शब्द रिता झाला असावा. संतांच्या अभंगांत तो अजून भरलेला आहे. सावता महाराजांनी तो अरणच्या मळ्यातल्या भाजीला लावला आणि वाफ्यातच विठाई उभी केली. पंढरीला निघण्याची निकड उरली नाही.

आणि सोयराबाई. त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगाचा हा पहिलाच शब्द. किशोरीताई आमोणकरांच्या स्वरांनी तो घरोघर नेला. वारी न घडलेल्यांनाही तो पाठ आहे. कीर्तनात या अभंगावर निरूपण होते ते बहुतेक अद्वैताचे: पाहणारा आणि पाहिला जाणारा वेगळे उरत नाहीत. हे चुकीचे नाही, अभंगातच ते आहे. पण हा शब्द कोण उच्चारते आहे, हे निरूपणात क्वचितच येते. सोयराबाई चोखोबांच्या पत्नी. ज्या जातीत त्या जन्मल्या, तिला राउळाची पायरी बंद होती. चोखोबांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. पुढे 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार उघडले. म्हणजे ज्यांना 'अवघ्यां'त धरलेच नव्हते, त्या बाईने हा शब्द घेतला, आणि त्यातून कुणालाच वगळले नाही, दार लावून घेणाऱ्यांनाही नाही. नुसत्या अद्वैताच्या निरूपणात शब्दाचे हे वजन हरवते. गोडी तेवढी उरते, आणि ती आपल्याला फार सोयीची असते.

कीर्तनकार महाराजांना एवढीच विनंती, हा अभंग निरूपणाला घ्याल तेव्हा महाद्वाराबाहेरच्या त्या समाधीचे नाव एकदा तरी घ्यावे. मग 'घा'वर टाळकऱ्यांनी खुशाल रेंगाळावे.