समर्थांचें पाणी आणि समर्थांची माती

दासबोधाचे दशक २० आणि समास २००. त्यांतून आमच्या टीकाकारांनीं निवडून निवडून वाचले ते राजकारणाचे, महंतलक्षणांचे आणि मूर्खलक्षणांचे. सृष्टीची हकीकत सांगणारे समास मात्र 'नुसत्या याद्या' म्हणून बाजूस पडले. हा अन्याय आहे असें आमचें मत असून त्यासाठीं आम्ही येथें दोनच समास वाचकांपुढें ठेवितों: सोळाव्या दशकांतील चौथा, म्हणजे आपनिरूपण, आणि पंधराव्या दशकांतील चौथा, म्हणजे शाश्वतब्रह्मनिरूपण. पहिल्याचा विषय पाणी. दुसऱ्याचें नांव ब्रह्माचें असलें तरी त्यांतील उत्तम भाग मातीचा आहे.

दासबोधाच्या लेखनाचा संबंध परंपरा महाड तालुक्यांतील शिवथरच्या घळीशीं जोडते. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० च्या सुमारास ही जागा निश्चित केली. तीविषयीं वाद आहेत. आम्हांस त्यांत पडावयाचें नाहीं. परंतु वरंध घाटाच्या पायथ्याशीं, जेथें पावसाळ्यांत घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो आणि त्याच्या गर्जनेंत शेजारच्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं, तेथें हे दोन समास वाचले असतां त्यांतील शब्द पुस्तकी वाटत नाहींत, एवढें खरें.

आपनिरूपण वरवर पाहतां यादीच आहे. समुद्राचें पाणी, मेघाचें पाणी, डोंगरावरून झेपावणाऱ्या नद्या, विहिरी, पाट, भूमीच्या पोटांतील झरे. वेलींतील, कंदांतील व फळांतील पाणी. उसाचा रस, गोरस. आणि देहांतील रक्त, लाळ व घामसुद्धां. मोत्यांचें आणि शस्त्रांचें पाणीही समर्थांनीं सोडलेलें नाहीं. (येथें वस्तूनें नव्हे, शब्दानें त्यांस ओढून नेलें आहे, पण मराठी कवीला हा मोह अनावर व्हावा यांत नवल नाहीं.) या यादीमागें एक पक्की दृष्टि आहे. पाणी ज्याच्या संगतीस लागतें त्याचा गुण घेतें: कोठें गोड, कोठें कडू, कोठें विषारी. शास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर पाणी एकटें कधीं प्रवास करीत नाहीं. खडकांतून उतरतांना चुना, मातींतून मुरतांना नत्र, स्फुरद व पालाश असें कांहीं ना कांहीं बरोबर घेऊन तें मुळांत शिरतें. संगतीचा गुण हा समर्थांना नीतीचा दृष्टांत वाटला असेल. सृष्टीच्या व्यवहारांत ती वाहतूक आहे.

एक वाट मात्र या समासांत दिसत नाहीं. झाड मुळांनीं जें पाणी ओढतें त्याचा फार मोठा भाग पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे पुन्हा हवेंत जातो. हें डोळ्यांना दिसत नाहीं, आणि समर्थांची सारी भिस्त डोळ्यांवर आहे. त्याबद्दल त्यांना दोष देणें हास्यास्पद होईल.

दुसऱ्या समासांत ते अधिक निर्भय आहेत. झाडाचें लांकूड होतें, लांकडाची राख होते, राखेची माती. वेली फोफावतात, वाळतात, कुजतात, माती. माणसांनीं खाल्लेल्या अन्नाची, पक्ष्यांनीं टिपलेल्या दाण्यांची, मेलेल्या किड्यांची आणि प्रेतांची गतिही तीच. विष्ठा व वमन हे शब्द त्यांनीं नाक न मुरडतां धान्याच्या पंक्तीला बसविले आहेत. मराठी काव्यांत फुलें पुष्कळ आहेत. पण फूल कुजून पुढें काय होतें हें इतक्या सरळपणें विचारणारे कवि थोडे.

आमचा मतभेद येथून सुरू होतो. समर्थांची पृथ्वी ही एक अखंड रास आहे. तिच्यांत जें पडलें तें जमा झालें. सह्याद्रीच्या या उतारावर हिशेब इतका सोपा नाहीं. चार महिन्यांचा पाऊस मातींतील चुना व पालाश धुऊन ओढ्यांत, ओढ्यांतून सावित्रींत आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रांत नेतो. युगानुयुगें असें धुतल्यावर मागें काय उरतें तें महाबळेश्वरच्या माथ्यावर पाहावें: लोखंडानें लाल झालेला जांभा. अशा ठिकाणीं रानाची संपत्ति मातीपेक्षां झाडांच्या अंगांतच अधिक असते. पान गळतें, वाळवी व बुरशी त्यावर तुटून पडतात, आणि त्यांतून सुटलेला क्षार पाण्यानें पळविण्यापूर्वीं वरवर पसरलेलीं मुळें तो टिपून घेतात. माती होणें आणि मातींत राहणें यांत पावसाळ्याएवढें अंतर आहे.

हें अंतर या खोऱ्यांतील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. भाताच्या रोपासाठीं तो राब भाजी, म्हणजे टाहाळ, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून पेटवी. लांकडाची राख आणि राखेची माती ही समर्थांची ओवी तो जणूं हातानें लिही. फक्त ती राख कोठें पडावी हें तो ठरवी. रानाचा पालाश शेतांत येई, नत्र मात्र धुरावाटे उडून जाई. भातामागून शेतांतल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत आहे. वालाच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतलें नत्र पुन्हा खालीं आणतात. जंतूंचें नांव न कळतांही रीत चालली.

समासाच्या पुढच्या भागांत समर्थ पृथ्वीला पाण्यांत विरवितात, पाण्याला तेजांत, तेजाला वायूंत. कल्पान्ताचा हा क्रम वाचतांना आमच्या मनांत २०२१ चा जुलै आल्यावांचून राहिला नाहीं. २२ तारखेपासून २३ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, महाड शहर पुरांत बुडालें, आणि याच तालुक्यांतील तळिये येथें डोंगर वाड्यावर येऊन ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. दरडीच्या कारणांचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. परंतु मुळांनीं व पालवीनें कणाकणानें धरून ठेवलेली माती पाण्यांत विरण्यास कल्पान्ताची वाट पाहावी लागत नाहीं, हें तालुक्यानें पाहिलें आहे. आणि त्यानंतर हा समास केवळ वैराग्याचा पाठ म्हणून वाचणें आम्हांस जड जातें.

समर्थांना शाश्वताकडे जावयाचें होतें, म्हणून माती त्यांनीं कांहीं ओव्यांत आटोपली. सोळाव्या दशकांत ती घाई राहिलेली नाहीं. तेथें पृथ्वीला व पाण्याला स्वतंत्र समास मिळाले आहेत. आमची सूचना अशी कीं वाचकांनीं शाश्वतब्रह्मनिरूपण आधीं वाचावें आणि मग सोळाव्या दशकांतील पृथ्वी, आप व वायु हे तीन समास, मधला अग्नीचा न गाळतां, ओळीनें घ्यावे. वायूच्या समासांत मेघ भरून आणणारा व लगेच हांकलून देणारा वारा भेटतो, आणि आपनिरूपणांत न दिसलेली पाण्याची परतीची वाट तेथें निदान अर्धी तरी सांपडते.