‘पक्षास शिक्षण दिलें’ : एका उक्तीची परीक्षा

ता. २९ आक्टोबर १८६७ रोजीं एडिंबरो येथील मेजवानींत बेंजामिन डिझरायलीनें श्रोत्यांस असें सांगितलें कीं, मताधिकाराच्या प्रश्नावर आपणांस देशाचें मन तयार करावें लागलें आणि स्वपक्षासहि शिक्षण द्यावें लागलें. ज्या कायद्याविषयीं तो बोलत होता त्यास राणीची संमति मिळून तेव्हां अवघे अडीच महिने झाले होते. पुढें ही उक्ति चरित्रग्रंथांतून व पाठ्यपुस्तकांतून इतकी रुळली कीं, हुजूर पक्षाच्या या पुढाऱ्यानें कित्येक वर्षें एक योजना मनांत धरिली होती व संधि येतांच ती सिद्धीस नेली, असा समज दृढ झाला. या समजावर मोठा घाव घातला तो मॉरिस कौलिंग यांच्या ‘१८६७ : डिझरायली, ग्लॅडस्टन आणि राज्यक्रांति’ या १९६७ सालच्या ग्रंथानें. ग्रंथ आतां जुना झाला. पण खासगी पत्रांवर कोठवर विसंबावें हा जो वाद त्यांतून निघतो, तो दप्तरें चाळणाऱ्या आपणां सर्वांचा आहे. म्हणून त्याची परीक्षा येथें अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम प्रसंग थोडक्यांत सांगतों. १८३२ च्या कायद्यानें शहरांतील मत दहा पौंडांच्या घरवाल्यास मिळालें होतें. ता. १२ मार्च १८६६ रोजीं ग्लॅडस्टननें ही मर्यादा सात पौंड भाड्यावर आणणारें बिल मांडलें. त्याच्याच लिबरल पक्षांतील रॉबर्ट लो व त्याचे सोबती उलटले. असंतुष्ट लोक दावीदाजवळ ज्या अदुल्लामच्या गुहेंत जमले होते, तिचें नांव जॉन ब्राइटनें या मंडळीस दिलें व तें कायमचें चिकटलें. दुसरें वाचन ३१८ विरुद्ध ३१३ अशा पांच मतांनीं निभावलें, ता. १८ जून रोजीं लॉर्ड डंकेलिनच्या उपसूचनेवर सरकार ३१५ विरुद्ध ३०४ मतांनीं हरलें आणि लॉर्ड रसेलच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. अल्पमतांतील हुजूर पक्ष अधिकारावर आला. लॉर्ड डर्बी मुख्य प्रधान झाला व डिझरायली कॉमन्स सभेंतील पुढारी. ज्या पक्षानें सात पौंड जास्त उदार म्हणून पाडले, त्यानेंच पुढील वर्षीं शहरांत पौंडांची अटच काढून टाकावी, हा इतिहासांतील मोठा चमत्कार होय.

तो घडला कसा? ता. १८ मार्च १८६७ रोजीं मांडलेल्या बिलांत शहरांतील जो घरवाला दोन वर्षें राहिला असेल व आपली पट्टी स्वतः भरीत असेल त्यास मत द्यावें, असें होतें. सोबत श्रीमंतांस दुसरें मत वगैरे बंधारे घातले होते. हे बंधारे एकामागून एक वाहून गेले. शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा बंधारा स्वतः पट्टी भरण्याचा. लाखों लहान घरांची पट्टी घरमालक भरीत व भाड्यांत वसूल करीत. असल्या भाडेकऱ्यांस मत नव्हतें. ता. १७ मे रोजीं हॉजकिन्सन या लिबरल सभासदानें ही मालकामार्फत भरण्याची पद्धतीच बंद करावी अशी उपसूचना आणिली. सभागृह विरळ होतें. डिझरायलीनें मंत्रिमंडळास न विचारतां ती मान्य केली, आणि त्या एका होकारानें चार लक्षांहून अधिक लोकांस मताचा मार्ग मोकळा झाला.

त्या वेळीं गॅथॉर्न हार्डी हा सहकारी सभागृहांत नव्हता. त्यास डिझरायलीनें लगोलग जें पत्र पाठविलें तें या प्रकरणांतील अस्सल कागद होय. मोनिपेनी यांच्या मृत्यूनंतर बकल यांनीं पुरें केलेल्या चरित्राच्या चौथ्या खंडांत (१९१६) तें छापलेलें आहे. सध्यांची चळवळ नष्ट करणें आणि ग्लॅडस्टन व त्याची मंडळी विझवून टाकणें, हे दोन हेतु त्यांत सांगितले आहेत. पक्षाच्या शिक्षणाचा त्यांत वास नाहीं. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर एडिंबरोचें भाषण हा अर्थवाद होय. विधि या पत्रांत शोधावा. शिवाय मूळ प्रेरणाहि डिझरायलीची नव्हे. १८६६ च्या सप्टेंबरांत हा प्रश्न हातीं घ्यावा लागेल असें डर्बीनें लिहिलें, तेव्हां डिझरायली नाखूष होता; त्याच डिसेंबरांत शहरांतील प्रत्येक घरवाल्यास मत देण्याची कल्पनाहि डर्बीनेंच सुचविली. डर्बीच्या वांट्याचें श्रेय त्यास पुरतें परत मिळण्यास एंगस हॉकिन्स यांचें दोन खंडांचें चरित्र (२००७–२००८) निघावें लागलें. (हा डर्बी इलियडचा इंग्रजी पद्यांत भाषांतरकार आणि ग्लॅडस्टन होमरवर तीन खंड लिहिणारा, अशा जोडीचा झगडा पौंड-शिलिंगांवर व्हावा, याची गंमत वाटते.)

कौलिंग यांचा गुण असा कीं, असले कागद त्यांनीं एका दप्तरांतून नव्हे तर अनेक घराण्यांच्या दप्तरांतून काढून तारीखवार लावले. ‘पूर्वसंकल्पित योजना’ या कल्पनेस त्यांत जागाच उरत नाहीं. डिझरायलीचा चिटणीस माँटेग्यू कॉरी यानें आपल्या धन्याचीं मताधिकारावरील १८४८ ते १८६६ पर्यंतचीं भाषणें १८६७ सालींच ग्रंथरूपानें छापलीं, हें या संदर्भांत ध्यानांत घेण्याजोगें आहे. सातत्य दाखविण्याची गरज ज्यास भासते त्याच्या सातत्याविषयीं परीक्षकानें सावध असावें.

परंतु येथेंच आमचा मतभेद सुरू होतो. कौलिंग यांच्या मतें कायद्याचें कारण पार्लमेंटांतील चढाओढ हेंच. बाहेर चळवळ होती हें ते नाकारीत नाहींत, पण तिच्यापुढें मुत्सद्दी नमले हें त्यांस मान्य नाहीं. घटासाठीं माती वाहून आणणाऱ्या रासभास नैयायिक ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. तो कार्यापूर्वीं हजर असतो, पण कारण नव्हे. कौलिंग यांनीं लंडनच्या जनसमुदायास त्या रासभाच्या जागीं बसविलें आहे. हें आम्हांस पटत नाहीं. ता. २३ जुलै १८६६ रोजीं हाइड पार्कचे गज लोकांनीं उखडले. ता. ६ मे १८६७ रोजीं सरकारी मनाई मोडून रिफॉर्म लीगनें त्याच उद्यानांत सभा भरविली. सरकारास हात बांधून पाहावें लागलें व वॉलपोल यास गृहमंत्रिपद सोडावें लागलें. त्यानंतर अकराव्या दिवशीं हॉजकिन्सनची उपसूचना मान्य झाली. रॉयडेन हॅरिसन यांनीं १९६५ सालींच या क्रमावर बोट ठेविलें होतें. केवळ आनंतर्यानें कार्यकारणभाव सिद्ध होत नाहीं, हा आक्षेप रास्त आहे. पण हार्डीच्या पत्रांत दोन हेतु आहेत आणि त्यांतील पहिला चळवळीचाच आहे! ‘चळवळ’ म्हणजे रस्त्यांतील जमाव कीं प्रश्नाचा एकंदर गवगवा, याविषयीं वाद करतां येईल. तो शब्द गाळतां मात्र येणार नाहीं. ग्लॅडस्टनला विझविण्याची गोष्ट तेवढी उचलून पत्राचा अर्धा भाग टाकणें हें अर्धजरतीय होय. दुसरें असें कीं, सहकारी एकमेकांस पत्र लिहितांना जें दोघांस ठाऊक तें लिहीत नाहींत. खिडकीबाहेरचा गलका पत्रांत क्वचितच उमटतो. त्यावरून गलका ऐकूं आला नाहीं असें ठरत नाहीं.

चढाओढीचें बळ मात्र आम्ही कमी लेखीत नाहीं. ता. १२ एप्रिलला ग्लॅडस्टनची उपसूचना ३१० विरुद्ध २८९ मतांनीं पडली. स्वपक्षीयांनींच दगा दिला आणि त्यानें दैनंदिनींत त्याची नोंद अपूर्व आपटी म्हणून केली. ही दैनंदिनी १४ खंडांत १९६८ ते १९९४ या काळांत छापून निघाली. लॉर्ड स्टॅन्लेची रोजनिशी १९७८ सालीं व हार्डीची १९८१ सालीं आली. तीन्ही साधनें कौलिंग यांच्या ग्रंथानंतर प्रसिद्ध झालीं. तत्कालीन हिंदुस्थानमंत्री लॉर्ड क्रॅनबोर्न यानें एकेका शहराचे आंकडे मांडून बंधारे टिकणार नाहींत हें ओळखलें व ता. २ मार्चलाच कार्नार्व्हन व पील यांच्यासह राजीनामा दिला. आंकडे वाचणारा असा तो एकटाच नव्हता. पण त्यांवरून पद सोडणारे तिघेच निघाले.

इंग्लंड-वेल्समधील मतदार सुमारें दहा लक्षांचे वीस लक्ष झाले. १८६८ च्या निवडणुकींत या मतदारांनीं ग्लॅडस्टनला शंभराहून अधिक मताधिक्य दिलें, आणि विझवावयास निघालेल्या डिझरायलीनें सभेस तोंड न देतांच डिसेंबरांत मुख्य प्रधानपद सोडलें. कौलिंग यांचा ग्रंथ संग्रहीं अवश्य ठेवावा. पण बकल यांच्या चौथ्या खंडांतील तें पत्र समग्र वाचून आणि हॅरिसन यांचा ग्रंथ शेजारीं ठेवून मगच तो उघडावा.